तुटक्या कानाचा ससा

१२ जानेवारी

ताई,

हे पत्र तुझ्या वकिलांना दाखवायचं असेल तर दाखव. दाव्याच्या कागदांत आहे त्याहून वेगळं इथे काही नाही. ते कागद वकीलबाईंनी लिहिले, हे मी लिहिते आहे, एवढाच फरक.

दावा मी लावला. भावजींनी फोनवर आईला विचारलं म्हणे, धाकटीच्या डोक्यात हे कुणी भरवलं. कुणी नाही. माझ्या डोक्यात आपलं आपणही काही येतं.

ऑक्टोबरात एक शिंपी कात्रीला धार लावून घ्यायला आला. कात्री टेबलावर ठेवून तो जे बोलला ते लिहीत नाही. चांगलं नव्हतं. मी पातं उजेडात धरलं. त्यावर ससा होता. मागच्या पायांवर उभा, आपल्यासारखाच, पण डाव्या कानाचं टोक नव्हतं. मी म्हटलं, ही आमची नाही. तो म्हणाला, "बाई, ससा तर तुमचाच ना?"

मग मी नदीपलीकडच्या चार दुकानांतून चार कात्र्या विकत आणल्या. चारही सशांचे कान तुटके.

बाबा गेले तेव्हा वाटणी आपण दोघींनीच केली. मधे कुणी पडलं नाही. धार लावायची चाकं आणि दाबयंत्र तू नेलंस. जागा, नाव आणि ससा माझ्याकडे राहिला. तू सही केलीस, मी केली. याला सहा वर्षं झाली.

कारखान्यात आता सात माणसं आहेत. गणवेश शिवणाऱ्या कंपनीला दर वर्षी सहाशे कात्र्या हव्या आहेत. त्यांचा खरेदीवाला येऊन गेला. म्हणाला, "ससा दोन ठिकाणी उठतोय. आधी कुणाचा ते ठरवा, मग ऑर्डर." ती ऑर्डर मिळाली नाही तर उन्हाळ्यानंतर मला कारखाना चालवता येणार नाही. तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. दया यावी म्हणून नाही.

आई बरी आहे. गुडघा धरतो.

धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं म्हणणं कोर्टात दाखल झालं. मी तीनदा वाचलं. पाचव्या परिच्छेदात लिहिलंय की तुझा ससा स्वतंत्र आहे, तुटका कान ही "प्रतिवादीची मूळ व जाणीवपूर्वक कल्पना" आहे, आणि शिंपी लोक त्यावरूनच तुझा माल वेगळा ओळखतात.

हे वाक्य तुझं नाही. तू आयुष्यात "जाणीवपूर्वक" म्हणाली नाहीस.

जेवताना आईला वाचून दाखवलं. तिचा घास हातातच राहिला. "कल्पना?" ती म्हणाली. "शाळेत कावळा काढायला सांगितला तर हिनं मडकं काढून आणलं होतं." मी हसले. तीही हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ती कुणाच्या तरी बाजूनं बोलली. "मला तुमच्यात ओढू नकोस," ती म्हणाली. "दोघींना मीच जन्म दिला. त्याचाही निकाल आता कोर्टच लावेल." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी फक्त मीठ-पाण्यापुरतं बोलली.

मूठवाले काका अजून त्याच खिडकीशी बसतात. मुठी बसवायचं काम अजून तेच करतात. मी त्यांच्यासमोर चार कात्र्या ठेवल्या. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"ही कसली कल्पना," ते म्हणाले. "सशाच्या ठशाला पाणी देताना उडालंय टोक. पोलाद लाल असताना बुडवायचं, पांढरं होईपर्यंत थांबली असणार. थोरली म्हणजे एक तर घाई, नाही तर अति."

"कोर्टात सांगाल?"

"सांगेन. पण मला विचारतील, तुम्ही तिथे होतात का. नव्हतो."

वकीलबाईंनाही हीच अडचण वाटते. साक्षीदार, तज्ज्ञ, उलटतपासणी. "खटला पूर्ण चालला तर चार वर्षं," त्या म्हणाल्या. "कमीच सांगतेय." माझ्याकडे चार महिने आहेत.

आपली बाजू कच्ची आहे हे मी शत्रूला पत्रानं कळवते आहे. वकीलबाईंना समजलं तर त्या माझं वकीलपत्र परत करतील.

धाकटी


९ मार्च

ताई,

दोन-तीन दिवसांत तुला एक यादी मिळेल. एकोणीस मुद्दे आहेत. प्रत्येकापुढे मान्य किंवा अमान्य लिहायचं आणि खाली शपथेवर सही करायची. कोर्टाची ही रीत आहे. दोन्ही बाजूंना जे मान्य आहे त्यावर वेळ घालवायचा नसतो म्हणून.

अशा यादीला उत्तर कसं येतं तेही वकीलबाईंनी मला सांगितलं. "सगळ्यापुढे 'माहितीअभावी अमान्य' लिहितात. स्वतःच्या नावापुढेसुद्धा." म्हणजे तू तसं लिहिलंस तर कुणी तुला नावं ठेवणार नाही. सगळेच तसं करतात.

यादी वकीलबाईंनी केली आहे. मी फक्त वाचली.

आज जुन्या खोलीतलं लांब टेबल हलवलं, जमीन दुरुस्त करायची होती म्हणून. सहा माणसं लागली. जेवणाच्या सुट्टीआधी परत आलेल्या कात्र्या त्यावर मांडलेल्या असायच्या, तुला आठवतच असेल. ज्याच्या हातून ती गेली त्यानं पुढे यायचं, "माझी" म्हणायचं आणि काय चुकलं ते सांगायचं. बाबा रागवायचे नाहीत. ऐकायचे आणि कात्री त्याच्या हातात द्यायचे. एकदाच एक जण म्हणाला, "आठवत नाही." बाबांनी त्याला दुसऱ्या दिवशीपासून खोकी बांधायला बसवलं. स्वतःची चूक ज्याला आठवत नाही त्याच्या हातात तापलेलं पोलाद देत नसतात, म्हणाले.

तू चौदा वर्षांची होतीस तेव्हा एका दिवसात तुझ्या पाच कात्र्या परत आल्या होत्या. तू पाच वेळा पुढे गेलीस. पाचव्या वेळी तुझा आवाज पहिल्या वेळेपेक्षा मोठा होता. मी दारातून बघत होते. माझी तिथे कात्रीच नव्हती, कारण मला पातं हातात देत नसत. माझा हात जड.

हे कशाला लिहिलं मला माहीत नाही. टेबल हलवलं म्हणून असेल.

धाकटी


४ एप्रिल

ताई,

उत्तर मिळालं.

वकीलबाईंनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. कागद माझ्याकडे सरकवला. तुझ्या वकिलांनी एकोणीसच्या एकोणीस ओळींपुढे "अमान्य" टाइप करून दिलं होतं. तू त्यातले सतरा पेनानं खोडलेस. प्रत्येक खोडलेल्या शब्दापुढे "मान्य" लिहिलंस आणि प्रत्येकापुढे सही केलीस. जे दोन ठेवलेस ते ठेवणं बरोबरच होतं. एकात तारीख चुकली होती, दुसऱ्यात तुझ्या कारागिरांची संख्या.

वाटणीच्या कागदावर सही तुझी: मान्य. ससा माझ्या वाट्याला आला: मान्य. नवा ठसा कोरताना बाबांची कात्री समोर होती: मान्य.

सतराव्या मुद्द्यापुढे जागा पुरली नाही म्हणून तू समासात गेलीस. "मान्य. कान मुद्दाम तोडलेला नाही. पाणी देताना पोलाद जास्त तापलं, टोक उडालं. दुसरा ठसा करायला हवा होता. केला नाही. चूक माझी."

वकीलबाईंनी विचारलं, "बावीस वर्षं वकिली करतेय. समोरच्या पार्टीनं समासात जाऊन कबुली दिलेली पाहिली नव्हती. हा सतरावा मुद्दा तुम्ही हट्टानं घालायला लावलात. तुम्हाला कसं माहीत होतं?"

मी त्यांना काही सांगितलं नाही. तुला सांगते.

यादी वकीलबाईंची नव्हती. माझी होती. त्यांनी मुद्दे काढले होते, पण त्यांची वाक्यं अशी होती की नाही म्हणायला दहा वाटा राहाव्यात. "प्रतिवादीचे चिन्ह वादीच्या चिन्हाशी फसवे साधर्म्य दाखवते" असं लिहिलं तर तूच काय, बाबांनीही अमान्य म्हटलं असतं. मी ती वाक्यं मोडली. तीन रविवार बसले. टेबलावर एक कात्री ठेवावी तसा एक मुद्दा ठेवला. एका वेळी एकच. ही तुझी का. यात काय चुकलं. सतरावा सगळ्यात शेवटी लिहिला आणि माझी खात्री होती की तुझ्या हातून झालेल्या चुकीला कुणी कल्पना म्हटलेलं तुला सोसणार नाही.

अख्ख्या जगात हे एक मला माहीत होतं आणि तुझ्या वकिलांना माहीत नव्हतं. तेवढ्यावर मी दावा लढवला.

बाहेर आले आणि बसथांब्यापर्यंत चालत गेले. बस आली, गेली. मी तशीच पुढे चालत राहिले. कारखान्यापर्यंत पाच किलोमीटर. पाय दुखले नाहीत.

धाकटी


२२ एप्रिल

ताई,

तू तिथे होतीस. तरी लिहिते. मला ते एकदा कागदावर बघायचं आहे.

खोली लहान होती. पंखा होता, तो फिरत नव्हता. तू भावजींच्या शेजारी बसली होतीस. नखांत काळं होतं. मी मुद्दाम नवी चप्पल घालून गेले होते आणि ती वाजत होती. तू एकदा माझ्या चपलेकडे बघितलंस.

वकीलबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, प्रतिवादींनी महत्त्वाचं सगळं मान्य केलं आहे, साक्षीपुराव्याची गरज उरत नाही, कबुलीवरूनच निकाल द्यावा. तुझे वकील उठले. त्यांचा मला राग नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. म्हणाले, "माझ्या अशिलाने गोंधळून हे लिहिलं. कायदेशीर सल्ला न घेता."

न्यायाधीशांनी कागद वर धरला. "सल्ला तर टाइप केलेला दिसतोय," ते म्हणाले. "खोडाखोड कुणाची?"

तू उभी राहिलीस. वकिलांनी हातानं खाली बस म्हणून खुणावलं. तू बसली नाहीस.

"माझी, साहेब."

"गोंधळून?"

"नाही. टाइप केलेलं खोटं होतं म्हणून खोडलं."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत.

"तुमच्या मूळ जबाबात कान तुटका असणं ही तुमची कल्पना म्हटली आहे."

"ती कल्पना नाही साहेब. पोलाद जास्त तापलं. त्याला कल्पना म्हटलं तर मला ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव जाईल."

"याचा परिणाम काय होईल, कळतंय तुम्हाला?"

"कळतंय. आणि ससा का वापरला तेही सांगते. कोरी कात्री कुणी घेईना. धार बघायच्या आधी लोक ससा बघतात. म्हणून वापरला."

न्यायाधीश तुझ्या वकिलांकडे वळले. "मग आता खटला चालवायचा तो कशावर, ते सांगा." ते खाली बसले.

निकाल काल आला. नऊ पानं. ससा वादीचा. प्रतिवादीनं तो किंवा त्याच्यासारखा दिसणारा कुठलाही ससा, अख्ख्या कानाचा वा तुटक्या, पुन्हा वापरायचा नाही. ठसा जमा करायचा. ससा उठवलेला शिल्लक माल आमच्या कारखान्यात आणायचा, चिन्ह घासून काढायचं आणि माल परत द्यायचा. सातव्या पानावर एक वाक्य आहे: "प्रतिवादीने स्वतःच्या हिताविरुद्ध जे सांगितले त्यावर अविश्वास ठेवण्यास या न्यायालयास कारण दिसत नाही." ते मी मूठवाल्या काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं.

गणवेशवाल्यांची ऑर्डर आज दुपारी आली. सहाशे. तीन वर्षांसाठी. सातही जणांना मी कामावरून उठवून खोलीत बोलावलं आणि चहा मागवला. सगळ्यांना वाटलं, कारखाना बंद करतेय. एकीनं तर डबा पिशवीत भरूनही ठेवला होता.

मग पहिल्या पात्यावर ससा मी स्वतः मारला. दाबयंत्र तू नेल्यापासून आपल्याकडे ठसा हातोडीनंच उठवतात. एक घाव घालायचा, दुसरा घातला तर ससा दुहेरी दिसतो. माझा हात जड म्हणून मला कधी देत नसत. एका घावात उठला. दोन्ही कान आले. काकांनी पातं हातात घेऊन फिरवून पाहिलं, आणि इतर पात्यांच्या ढिगात ठेवून दिलं. ढिगात ठेवलं, ताई. वेगळं काढलं नाही.

मी जिंकले. हे वाक्य मी आजवर कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं.

धाकटी


३० एप्रिल

ताई,

मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं नाही, लिहिलं नाही. जिंकल्याच्या पत्रात ते मला नको होतं.

तो ऑक्टोबरातला शिंपी. त्यानं तुझी कात्री ठेवली आणि म्हणाला, "तुमचा हा नवा माल झकास आहे. जुन्यापेक्षा हलका. दिवसभर कापलं तरी अंगठा दुखत नाही." हे तो मला म्हणाला. माझ्या दुकानात. मी तुला लिहिलं, चांगलं नव्हतं. माझ्यासाठी नव्हतं.

आणि वाटणी. तू चाकांवर हात ठेवून उभी होतीस आणि विचारलंस, "नुसत्या सशाचं तू काय करणार?" मी म्हटलं, "मला काय येतं दुसरं? हात तुझ्याकडे आहे, तू यंत्रं ने. सशाला कोण विचारतं." मी तेरा वर्षं गल्ल्यावर बसले होते. येणारा प्रत्येक माणूस दारातून आत आल्यावर पहिला शब्द काय बोलतो ते मी तेरा वर्षं ऐकलं होतं. सशाची द्या. धारेची द्या, हलकी द्या, असं कुणी म्हणत नाही. तू कायम मागच्या खोलीत चाकावर होतीस, तुला ते ऐकू येत नव्हतं. मला माहीत होतं की मी काय घेतेय आणि तुला माहीत नव्हतं की तू काय सोडतेस.

वकीलबाईंना विचारलं, यानं निकालाला काही होतं का. "तुम्ही त्यांना फसवलं नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त त्यांची स्तुती केलीत. त्याला कलम नाही."

माझ्या एकोणीस मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता. तुझ्या वकिलांनी मला यादी पाठवली असती तर मी काय लिहिलं असतं, याचा चार दिवस विचार करतेय. बहुतेक माहितीअभावी अमान्य. मागच्या खोलीत तू शिकलीस. मी दारात उभी होते.

ससा मी परत देणार नाही. तसा अर्थ काढू नकोस. तो मी दोनदा मिळवला आहे.

धाकटी


२ जून

ताई,

कोर्टाचे कमिशनर तुझा माल घेऊन आले. दोनशे बारा नग. ठसा त्यांनी आमच्यासमोर छिन्नीनं मारून निकामी केला. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते, असं त्यांच्या पंचनाम्यात नाही.

ससे घासून काढायचं काम काका करतो म्हणाले. मी नको म्हटलं. बारा दिवस लागले. रोज दुपारी दुकान बंद झाल्यावर दोन तास. पहिल्या दोन पात्यांवर खड्डा पडला. त्या दोन मी ठेवून घेतल्या आहेत आणि त्यांच्या जागी आपल्या दोन घातल्या आहेत, ससा न उठवलेल्या. तुझ्या लक्षात येईलच. आपल्या जड आहेत.

घासता घासता प्रत्येक कात्री उघडून पाहिली. कापडाच्या चिंध्या जवळ ठेवल्या होत्या, प्रत्येकीनं एक काप घेतला. मला खोट हवी होती, हे सांगते. एक सापडली. स्क्रू अर्धा फेरा कमी आवळलेला. बाकी दोनशे अकरांत काही नाही. पाठीकडून तू पातं बारीक केलंयस, तिथूनच ती हलकी होते. बाबांना हे सुचलं नव्हतं.

परवा खरेदीवाला पहिला हप्ता न्यायला आला. टेबलावर तुझी एक उघडी पडली होती. त्यानं विचारलं नाही, सरळ उचलली. जवळचं जाड कापड घेतलं, आठ घड्या घातल्या आणि एका दमात कापलं. मग कात्री उलटीसुलटी करून बघितली.

"ही कुणाची?"

"माझ्या बहिणीची."

"कोर्टातली?"

"तीच."

"हिच्यावर काहीच नाही."

"आता नाही," मी म्हटलं. "येईल."

तो थोडा वेळ कात्रीची उघडझाप करत राहिला. आमच्या बायका आठ-आठ तास कापतात, म्हणाला. सहाशे तुमच्या ठरल्यात त्या ठरल्या. पण कापणाऱ्यांच्या दुसऱ्या विभागासाठी वेगळं काही बघतोय. मग तुझा पत्ता मागितला.

ताई, मी लगेच दिला नाही. आधी सहाशेच्या करारावर त्याची सही करून घेतली. नंतर दिला. काकांनी खिडकीशी बसूनच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गल्ल्यावरची पोर ती गल्ल्यावरचीच." पण हसत होते.

माल उद्या गाडीनं पाठवतेय. आई गाडीबरोबर येईल, तिनं आपलं आपण ठरवलं. पंधरा दिवस राहणार आहे. गुडघ्यासाठी उशी लागते, उंच नको.

खरेदीवाला सोमवारी येईल. कोरी कात्री तो एकदा घेईल. दुसऱ्यांदा त्याच्या बायकांना मागताना काहीतरी नाव घ्यावं लागेल, आणि ते त्यांना पात्यावर दिसावं लागेल. तेव्हा बस आणि ठसा कोर. पोलाद लाल असतानाच बुडव. हत्ती काढ, मासा काढ, जे येईल ते काढ. ससा सोडून.

ससा माझा आहे.

धाकटी